शब्दचर्चा: ‘ऑल-ऑप्टिकल’ले मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न, दारव्ह्याकडून

राम राम मंडळी. मी फायबर जोडायचं काम करतो, स्प्लायसिंग, दारव्हा-दिग्रस पट्ट्यात, बारा वर्षं झाली. प्रश्न माझ्या भाचीनं टाकला अन् मले उत्तर देता आलं नाई म्हणून इथं विचारून राहिलो. ती अमरावतीले इंजिनिअरिंगले हाये, तिच्या सेमिनारचा विषय हाये हायस्पीड फायबरसाठी ऑल-ऑप्टिकल सिग्नल प्रोसेसिंग, अन् तिच्या सरांनी सांगितलं की एक पान मराठीत लिहून आणा. तिनं फोन केला, मामा तुम्ही तं दिवसभर फायबरातच राहता, ऑल-ऑप्टिकलले मराठीत काय लिहू? मी म्हटलं त्यात काय, लिही ‘सगळं ऑप्टिकल’. तं म्हणे मामा, तुमचं आत्ताचं नेटवर्क पण तुम्ही ऑप्टिकलच म्हणता न, मग फरक काय राहिला?

डोक्यात तेच घेऊन परवा कामावर गेलो. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली होती, एका पऱ्हाटीच्या वावराच्या धुऱ्यावर रात्री नऊले बसलो, हेल्परनं बॅटरी धरली. वरचं कोटिंग सोललं, स्पिरिटनं पुसलं, क्लीव्हरनं टोक कापलं, मशीनमधी ठेवलं. स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर येतात तवा ती दोन जाड कांड्यांसारखी दिसतात, पण खरी जाडी 125 मायक्रॉन, अन् त्याच्या आतला गाभा, ज्यातून सारा माल जातो, तो 9 मायक्रॉनच्या आसपास. ठिणगी पडली, दोन्हीची एक काच झाली, लॉस, म्हणजे जोडावर वाया जाणारा उजेड, दाखवला 0.02 डीबी. तवा मनात आलं की इथं मी उजेडाले उजेडच जोडून राहिलो, मधात करंट कुठंच नाई. मग याले ऑल-ऑप्टिकल म्हणावं का नाई? पण इथून पुढं पंचायतीतल्या नेटच्या डब्ब्यात गेलं की त्याचा करंट होतेच. तं ‘ऑल’ म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत? सांगा कोणी.

उत्तर, मूर्तिजापूरहून

भाऊ, तुमच्या दारव्ह्याहून आमच्याकडे शकुंतला रेल्वे यायची ते आठवा, म्हणजे उत्तर तुमच्याच रुळावर सापडते. यवतमाळ ते मूर्तिजापूर अडीच फुटी रूळ, अन् मूर्तिजापूरले मुंबई-नागपूरची मोठी लाईन. रुईच्या गाठी लहान गाडीतून येत, इथं उतरवायच्या, मोठ्या गाडीत चढवायच्या, तवा कुठं मुंबईले जात. माझे आजोबा त्या यार्डात होते, ते म्हणायचे गाडी चालते तेवढा वेळ काही लागत नाही, वेळ खाते ती उतरवाचढव, अन् हमालीही तिथंच लागते.

फायबरचं अगदी तसंच हाये. जुन्या लाईनीत दर काही किलोमीटरवर उजेडाचा करंट करायचे, करंटात सिग्नल साफ करायचे, पुन्हा लेझरनं उजेड करून पुढं ढकलायचे. त्याले ओ-ई-ओ म्हणतात, ऑप्टिकल-इलेक्ट्रिकल-ऑप्टिकल. 1988 साली अटलांटिकखालून पहिली फायबर केबल टाकली, टॅट-8, तिच्यातले रिपीटर असेच होते. ऑल-ऑप्टिकल म्हणजे मधात मूर्तिजापूर नाई. गाठी उतरवायच्याच नाईत, अन् गाठींवर जे काही करायचं ते चालत्या डब्यातच करायचं.

उत्तर, वर्ध्याहून (मी मराठीचा शिक्षक होतो, आता निवृत्त)

मूर्तिजापूरकरांचा दाखला आवडला. शब्दाकडे येतो. यात खरं तर तीन शब्द आहेत आणि अडचण तिन्हींची आहे.

‘ऑप्टिकल’ला प्रकाशीय ठीक आहे, त्यावर भांडू नये. ‘सिग्नल’ला कोशात संकेत सापडेल, पण संकेत म्हटलं की आपल्याकडे खूण, ठरवून केलेला इशारा, नाहीतर संकेतस्थळ डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी संदेश म्हणेन, आणि बोलताना सिग्नलच म्हणावं, एसटी म्हणतो तसं ते आपलंच झालं आहे.

‘प्रोसेसिंग’वर मात्र थांबा. काही जण संस्करण लिहितात, ते पुस्तकाची आवृत्ती वाटते. प्रक्रिया हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडात आधीपासून आहे आणि तो दोन तऱ्हेने आहे. एक, प्रक्रिया उद्योग, म्हणजे तुरीची डाळ करणं, तिथे मालाचं रूप बदलतं. दुसरी बीजप्रक्रिया. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळतो, रायझोबियम लावतो, सावलीत वाळवतो. बी हे बीच राहतं, फक्त पेरायला सुदृढ होतं. सिग्नल प्रोसेसिंग मला या बीजप्रक्रियेच्या जवळचं वाटतं, कारण आतला संदेश तोच ठेवायचा असतो आणि तो पुढे नीट पोचावा म्हणून त्याच्यावर काम करायचं असतं. तेव्हा प्रक्रिया हा शब्द पक्का धरा. राहता राहिला ‘ऑल’.

सर्वप्रकाशी असं एकाने सुचवलेलं मी वाचलं होतं. नको. ते विठ्ठलाचं विशेषण वाटतं.

उत्तर, अमरावतीहून (मी तीच भाची)

सर नमस्कार, बीजप्रक्रियेचं मी लिहूनच घेतलं. काका, मूर्तिजापूरचं उदाहरण पण वापरणार आहे, चालेल ना?

मी जेवढं समजले तेवढं सांगते म्हणजे शब्द ठरवायला सोपं जाईल. आधी हे की उतरवाचढव का नको. सेकंदाला 40 गीगाबिटचा वेग धरला तर एका बिटाला 25 पिकोसेकंद मिळतात, आणि काचेत उजेड सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक बिट काचेत जेमतेम 5 मिलिमीटर लांब होतो, तुरीच्या दाण्याएवढा समजा. मामा, तुम्ही जोडलेल्या 100 किलोमीटर तारेत एका वेळी असे 2 कोटी दाणे रांगेत पळत असतात. तो प्रत्येक दाणा उचलून करंटात टाकायचा, तपासायचा, परत उजेडात आणायचा, आणि असे कितीतरी रंग, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचे उजेड, एकाच काचेत, प्रत्येक रंगाला वेगळी मशीन, वेगळी वीज.

आता उजेडानं उजेडावर काम कसं करायचं, मला सगळ्यात नवल याचंच वाटलं. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर मारा, आरपार जातात, कोणाचं कोणाला काही होत नाही. पण जॉन केर या शास्त्रज्ञानं 1875 साली काचेवर विजेचा जोर लावून दाखवलं की त्यानं काचेतून उजेड जायची चाल बदलते, आणि जोरदार उजेड स्वतःच तसा जोर लावू शकतो. म्हणजे उजेड दाट झाला की काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड काचेत किती हळू चालतो त्याचं माप, किंचित बदलतो आणि सोबत चाललेला दुसरा उजेड त्या बदललेल्या काचेतून जातो, त्याची लाट मागेपुढे सरकते. हा बदल अगदी थोडा असतो, पण 9 मायक्रॉनच्या गाभ्यात उजेड इतका दाटतो आणि किलोमीटरभर तसाच दाटलेला चालतो की थोड्याचं खूप होतं. यातूनच एका रंगावरचा संदेश दुसऱ्या रंगावर नेता येतो, दोन रंग मिसळले की तिसरा चौथा नवाच रंग निघतो, त्याला फोर-वेव्ह मिक्सिंग म्हणतात.

आणि साफसफाईची एक युक्ती 1998 मध्ये मामिशेव नावाच्या संशोधकानं मांडली ती तर फारच सुंदर आहे. मळलेला सिग्नल आधी जोरदार करून फायबरात सोडायचा. संदेश एक-शून्यांत असतो, ‘एक’ म्हणजे उजेडाचा ठोका, ‘शून्य’ म्हणजे ठोका नाही. ‘एक’चा ठोका दाट असतो, त्यामुळे तो स्वतःच काचेला हलवतो आणि त्याचा रंग पसरतो. ‘शून्य’च्या जागी जो बारीक कचरा असतो तो पातळ, त्याचा रंग पसरतच नाही. मग मूळ रंगाच्या थोडं बाजूला चाळणी लावायची, पसरलेला तेवढा निघून येतो, कचरा मागेच राहतो. करंट कुठेच नाही.

उत्तर, पांढरकवड्याहून

ताई चांगलं सांगितलं, पण माझा एक प्रश्न. मी गावात केबल अन् नेट चालवतो. माझा स्प्लिटर एका फायबरचे बत्तीस करते, त्याले वीज लागत नाई, लाईन गेली तरी तो चालूच राहते. मग ते पण ऑल-ऑप्टिकल प्रोसेसिंगच झालं न? अन् लांबच्या लाईनीत एर्बियमचा अँप्लिफायर असते, तोबी उजेडाले उजेडातच वाढवते. मग नवीन काय हाये यात?

उत्तर, पुन्हा दारव्ह्याहून

भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर हाये अन् मी पण याच जागी अडकलो होतो. स्प्लिटर वाटणी करते, वाटणी म्हणजे प्रक्रिया नाई. एका ताटातलं बत्तीस ताटात गेलं, पोळी तीच राहिली, फक्त तुकडा लहान झाला. म्हणून त्याले ऑल-ऑप्टिकल रस्ता म्हणा, ऑल-ऑप्टिकल प्रक्रिया म्हणू नका.

अँप्लिफायरचं थोडं वेगळं. साफसफाईची पुरी कामं तीन असतात, जोर वाढवणं, आकार नीट करणं, अन् ठोका वेळेवर आणणं, आमच्यात त्याले थ्री-आर म्हणतात. 1987 मधी साऊथॅम्प्टन अन् बेल लॅबच्या लोकांनी जो एर्बियमचा अँप्लिफायर दाखवला तो यातलं पयलंच काम करते. सिग्नलसंगं कचरापण वाढवते, अन् सोताचा थोडा टाकते. बाकीची दोन कामं उजेडात करणं, तेच अवघड हाये अन् तोच या विषयाचा गाभा हाये.

भाचीचं लिहायचं राहिलं ते मी लिहितो, तिनंच मले फोनवर सांगितलं. उजेड थांबवून ठेवता येत नाई. करंटाले मेमरी हाये, उजेडाले नाई. 5 मायक्रोसेकंद थांबवायचं तं 1 किलोमीटर फायबरचं भेंडोळं लावा अन् त्यात फिरवा, दुसरा सोपा रस्ता नाई. अन् मधल्या काळात करंटाच्या चिपाच इतक्या तेज झाल्या की आज मोठ्या लाईनीत टोकाले बसलेली डीएसपी, म्हणजे करंटात सिग्नलवर प्रक्रिया करणारी, चिप लाईनीतली बरीचशी घाण हिशोबानं धुते. म्हणून उजेडातली प्रक्रिया अजून जास्त करून प्रयोगशाळेतच हाये. रंगानुसार रस्ता बदलणारे स्विच मात्र मोठ्या नेटवर्कमधी खरोखर लागलेले हायेत, ते उजेडाले न उतरवताच वळवतात. तिनं हे पण पानावर लिहावं असं मले वाटते, नाईतर वाचणाऱ्याले वाटन की उद्याच येऊन राहिलं.

आता शब्दाचं. काल रात्री आई ओट्यावर बसून कापूस वेचणीचा हिशोब करून राहिली होती. सात बाया, प्रत्येकीचे किलो वेगळे, एकीची उचल कापायची. कागद नाई, मोबाईल नाई, बोटंपण नाई. मी म्हटलं आई लिहून घे, तं म्हणे लिहाले काऊन लागते, मनातल्या मनात होऊन राहिला न.

अन् तिथंच डोक्यात लागलं! मनातल्या मनात. म्हणजे मनात आलेला हिशोब मनातच झाला, कागदावर उतरला नाई. घरातल्या घरात भांडण मिटलं म्हणजे बाहेर गेलं नाई. ऑल-ऑप्टिकल म्हणजे हेच, उजेडात आलं, उजेडातच काम झालं, करंटात उतरलं नाई. मग म्हणा ‘उजेडातल्या उजेडात सिग्नलवर प्रक्रिया’. सर, चालते का?

उत्तर, वर्ध्याहून

चालतं म्हणजे काय, मी इतकी वर्षं मराठी शिकवली आणि मला हे सुचलं नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ‘ऑल’चा अर्थ ‘सगळं’ धरला की आपण वस्तू मोजायला लागतो, काय काय ऑप्टिकल आहे ते. ‘-तल्या -त’ मध्ये मोजणं नाही, हद्द आहे. हद्दीबाहेर पाऊल पडलं नाही एवढंच ते सांगतं, आणि इथे नेमकं तेच सांगायचं आहे.

एकच दुरुस्ती. उजेडातल्या उजेडात म्हटलं की आपल्याकडे अंधार पडायच्या आत, असं ऐकू येतं. ‘उजेडातल्या उजेडात वावरातून घरी ये’. शिवाय उजेड म्हणजे ज्यात दिसतं तो. तुमच्या फायबरातला डोळ्यांना दिसतो का?

उत्तर, दारव्ह्याहून

नाई सर, 1310 अन् 1550 नॅनोमीटरचा, डोळ्याले दिसत नाई, म्हणून तं चालू फायबरात पाहू नका असं आम्ही पोट्ट्यांना दहादा बजावतो. दिसते तो फक्त फॉल्ट शोधायचा लाल पेन. तं मग ‘प्रकाशातल्या प्रकाशात’.

उत्तर, अमरावतीहून

सर, मामा, वाक्यात ते छान बसतं, पण मथळ्यात कसं लिहू? मला नाम पाहिजे. ‘प्रकाशांतर्गत संदेश-प्रक्रिया’ केलं तर?

उत्तर, वर्ध्याहून

अंतर्गत नको, ‘योजनेअंतर्गत’ वाचून वाचून त्याचा अर्थ आता अमुक योजनेखाली असाच होतो, पंचायतीच्या फलकासारखं वाटेल. मथळ्यात ‘पूर्णप्रकाशीय संदेश-प्रक्रिया’ लिहा, कोरडा आहे पण चूक नाही, आणि खाली पहिल्याच वाक्यात सांगा की संदेश विजेत न उतरवता त्याच्यावर प्रकाशातल्या प्रकाशात केलेली प्रक्रिया. मथळा पाटीसाठी, वाक्य समजण्यासाठी.

उत्तर, दारव्ह्याहून

लिहिलं तिनं. आज सकाळी जोडावरचं जॉइंट क्लोजर बंद करता करता मी हेल्परलेपण विचारलं, बारावीपर्यंत शिकलेला पोरगा हाये. आधी ‘पूर्णप्रकाशीय’ म्हटलं, तं नुसता पाहत राहिला. मग म्हटलं प्रकाशातल्या प्रकाशात सिग्नल साफ करायचा, तं लगेच म्हणे, म्हणजे मधात डब्बा नाई का दादा? मी म्हटलं हाव, डब्बा नाई.