५/४ चा ग आणि ८१/६४ चा ग, यातला शुद्ध कुठला?

रियाज_बुडाला
गेले दोन आठवडे एक्सेलमध्ये सुरांचे अपूर्णांक (सूर सा च्या किती पट कंपनांचा ते) भरत बसलोय. २२ श्रुतींचा (सप्तकातल्या बारीक सूरजागांचा) तक्ता कुठून कुठून जमवला, २५६/२४३, १६/१५, १०/९, ९/८ असं लहानापासून मोठ्यापर्यंत सॉर्ट केलं आणि आता नुसताच बघत बसलोय, ओ की ठो कळत नाहीये. गंधारापाशी तर गाडीच अडली. एक ५/४, एक ८१/६४, फरक नखाएवढा. हे मांडायचं कसं? गणित बारावीपर्यंतचं आहे, गाणं त्याहून कमी.

लसावि
सॉर्ट केलंत तिथेच घोळ झाला. उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं तर कोण कुणाचा पाहुणा ते कसं कळणार :) अवयव पाडा. ८१ म्हणजे चार वेळा ३, खाली नुसते २. ५/४ मध्ये ३ नाहीच, ५ आहे. २ ने गुणलं-भागलं तर फक्त सप्तक बदलतं, तेव्हा २ सोडून द्या, उरले ३ आणि ५. आता चौकटीची वही घ्या, मध्ये सा. उजवीकडे एक घर म्हणजे गुणिले ३/२, वर एक घर म्हणजे गुणिले ५/४, आकडा २ च्या पुढे गेला की निम्मा करायचा. उजवीकडे प, रे, ध, ग येतील (३/२, ९/८, २७/१६, ८१/६४). सा च्या डोक्यावर ५/४ चा ग. सा च्या डावीकडे (भागिले ३/२, आकडा १ च्या खाली गेला की दुप्पट) म ४/३, त्याच्या डोक्यावर ध ५/३. म्हणजे ग दोन, ध पण दोन, आणि दोन्ही जोड्यांत अंतर तेच, ८१/८०. ऑयलर या गणितज्ञाने असली जाळी १७३९ मध्येच मांडलीय.

भाता_फाटला
वही ठीक आहे, पण कानाने ऐका हो. सा २४० धरा (सेकंदाला २४० कंपनं). ५/४ चा ग ३००, ८१/६४ चा ३०३.७५, आणि बाजारातल्या पेटीचा (हार्मोनियमचा) साधारण ३०२.४, कारण तिथे सप्तकाचे १२ सारखे तुकडे. तंबोऱ्याच्या जोडीच्या (सा च्या) तारेतून पाचपट, म्हणजे १२००, आपोआप ऐकू येतं. पेटीच्या ग ची चौपट १२०९.५. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ वेळा थरथर, ग ३०० वर आणला की गायब. मी एका बाईंच्या पेटीत ग ची पत्ती (आतली सूर देणारी धातूची पट्टी) मुळाशी घासून उतरवून दिली होती (टोकाशी घासली की सूर चढतो), त्या एकदम खूश. महिन्याभराने त्यांनी गायची पट्टी (सा ची जागा) बदलली, तीच पत्ती आता दुसऱ्याच स्वराला आली आणि पेटी शिव्यांसकट परत माझ्याकडे.

लसावि
म्हणूनच तर देवल आणि क्लेमेंट्स या संगीत अभ्यासकांनी शंभरेक वर्षांपूर्वी श्रुती हार्मोनियम (श्रुतींप्रमाणे सूर लावलेली पेटी) करवून घेतली. वाजवायला अवघड, टिकली नाही.

रियाज_बुडाला
मग ध ४०० गाऊ का ४०५?

लसावि
शेजार बघा. रे २७० वरून पंचमाच्या (३/२) उडीने आलात तर ४०५, म ३२० ला सा धरून त्याचा गंधार (५/४) म्हणून लावलात तर ४००. शुद्ध दोन्ही, कुणाला धरून गाताय त्यावर आहे.

रियाज_बुडाला
वही आणली. वरच्या ओळीत ग, मग नी १५/८, त्याच्या उजवीकडे ४५/३२ आलाय. हा तीव्र म ना?

भाता_फाटला
तोच.