इंजिनचं फुल काम झालेली २०११ची स्कॉर्पिओ ४×४: ठेवावी की विकावी?

कासारवडवली:
एमहॉक २.२ (महिंद्राचं २.२ लिटर डिझेल इंजिन), एमएच-०४ (ठाण्याची नोंदणी). घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर तापली, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. हेड फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं), पिस्टन-रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन सगळं झालं. त्यानंतर ८०० किमी चालली आहे. आरसीची (नोंदणीची) १५ वर्षं संपत आलीत. आत्ताच विकू की अजून ५ वर्षं ठेवू?

ऐरोलीकर:
तापली कशामुळे, हे तुमच्या यादीत कुठेच नाही. रेडिएटर, व्हिस्कस फॅन, वॉटर पंप, थर्मोस्टॅट या इंजिन गार ठेवणाऱ्या भागांतलं काय बदललं? मूळ कारण तसंच राहिलं तर नवीन गॅस्केटही जाणार. सकाळी गार गाडी चालू करा. मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा टणक झाला, तर सिलेंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. १००० किमीला ऑइल-फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. पहिल्या ऑइलला थोडी बारीक भुकटी असतेच. पण चकचकीत पापुद्रे दिसले आणि त्यांना लोहचुंबक लागत नसेल, तर बेअरिंग झिजतंय. १००० किमी होईपर्यंत एकाच आरपीएमवर हायवेला पळवू नका, न्यूट्रलला तासन्‌तास चालू ठेवू नका. नव्या रिंगा सिलेंडरला घासून नीट बसत नाहीत.

वाशी सेक्टर १७:
माझ्या मते निर्णय चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर). इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेली चेसिस नाही. इथली खाडीची हवा आणि चार महिने पाऊस! रॅम्पवर घेऊन मागच्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट आणि बॉडी माउंट हातोडीने ठोका. आवाज बद्द आला किंवा अंडरकोटिंग फुगलेलं असेल, तर विकून टाका. ४एच, ४एल (चारही चाकं फिरवणारे हाय आणि लो गिअर) मातीवरच लावून बघा, डांबरावर वळवताना ड्राइव्हलाइनला पीळ बसतो. पुढच्या डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

माजिवडा:
इंजिनावर गेलेला पैसा हिशोबात धरू नका, विकली तरी तो वसूल होत नाही. पुढचा खर्च मांडा: क्लच, इंजेक्टर, टर्बो, बुश, टायर. दिल्लीसारखी डिझेलला १० वर्षांची अट आपल्याकडे नाही. मुदतीआधी ६० दिवसांत फॉर्म २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) भरा. नूतनीकरण फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. पीयूसी, विमा, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आधी पूर्ण करा. विकायची असली तरी पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) करूनच विका, मुदत संपत आलेल्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

कासारवडवली:
चेसिस ठणठणीत आहे. रेडिएटर मात्र जुनाच, फक्त बाहेरून धुतलाय.

ऐरोलीकर:
मग गाडी ठेवा, पण आधी नवा रेडिएटर टाका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हीटर चालू ठेवून हवा काढा. ते होईपर्यंत घाट नको.