हँडहेल्डचं चार्जिंग: रात्रभर लावून ठेवणं, सी-टू-सी केबलचा घोळ आणि फुगलेली बॅटरी

घोडबंदर_हँडहेल्ड

हँडहेल्डवर (हातात धरून गेम खेळायच्या यंत्रांवर) खेळणं मुख्यतः प्रवासात होतं, कासारवडवली ते घणसोली. तीन यंत्रं आहेत आणि तिघांचे प्रश्न वेगळे.

१) स्टीम डेक, एलसीडी मॉडेल, ४० वॉट-अवरची बॅटरी. सोबत आलेल्या ४५ वॉटच्या चार्जरवर रात्री लावलं की सकाळपर्यंत १०० टक्क्यांवर बसून असतं. हे चालेल का? आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाइट ये-जा करते, त्याने बॅटरी खराब होते का?

२) एक स्वस्त रेट्रो (जुने गेम चालवणारं) हँडहेल्ड, टाइप-सी पोर्टचं. ६५ वॉटच्या गॅन (गॅलियम नायट्राइड वापरलेल्या) चार्जरला सी-टू-सी केबलने (दोन्ही टोकांना टाइप-सी) जोडलं तर लाल दिवाही लागत नाही. जुन्या फोनच्या ए-टू-सी केबलने (चार्जरकडच्या टोकाला जुनं चौकोनी यूएसबी-ए) व्यवस्थित चार्ज होतं. पोर्ट गेलाय का?

३) ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या जुन्या हँडहेल्डचं मागचं झाकण एका बाजूने साधारण २ मिलिमीटर उचललं गेलंय. चालू होतं, गेमही चालतो. वापरू का?

२०,००० एमएएचची पॉवर बँक घ्यायची आहे, डेकसाठी कोणती हेही सांगा.

नेरुळ_बेंच

आधी तिसरं, बाकीचं थांबू शकतं. ते यंत्र आता चार्जिंगला लावू नका आणि चालूही करू नका. झाकण उचललं म्हणजे आतला पाउच सेल (पिशवीसारख्या आवरणातली बॅटरी) फुगलाय. इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पिशवीत अडकतो. बरीच वर्षं पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत, त्यातही गरम जागी पडून राहिलेल्या सेलचं हेच होतं. यंत्र चालू होतं म्हणजे सेल ठीक आहे असं समजू नका.

झाकण दाबून बसवायचा मोह टाळा. आतला स्क्रू-पोस्ट किंवा बोर्डाची कड पिशवीत घुसली की शॉर्ट होतो आणि मग आग. टाचणीने वायू काढायचे व्हिडिओ फिरतात, ते अजिबात करू नका.

बॅटरी क्लिप किंवा स्क्रूने निघणारी असेल तर यंत्र बंद करून काढा, टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. डिंकाने चिकटवलेली असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब कडेने सोडा, पाच मिनिटं थांबा आणि डेंटल फ्लॉस करवतीसारखा मागे-पुढे ओढत न्या. धातूचा स्क्रूड्रायव्हर नको, हीट गन तर नकोच. हात बसलेला नसेल तर उघडूच नका, यंत्र जसंच्या तसं दुरुस्तीवाल्याकडे द्या.

काढलेला सेल कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, पडद्यापासून आणि लाकडापासून लांब, सावलीत ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत कचरा दाबला जातो आणि तिथे सेल फुटला की अख्खी गाडी पेटू शकते. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरलाही विचारा.

सोल्डर_वाशी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पोर्ट ठणठणीत आहे, बोर्डावर दोन रेझिस्टर नाहीत.

टाइप-सी चार्जरचा सी पोर्ट रिकामा असताना व्होल्टेज देतच नाही. समोरच्या यंत्राच्या सीसी-१ किंवा सीसी-२ पिनवर (जोडणी ओळखायच्या पिना) ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला दिसला की मगच ५ व्होल्ट सोडतो. स्वस्त हँडहेल्डमध्ये हे रेझिस्टर वाचवलेले असतात, म्हणून चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून ए-टू-सी केबल चालते.

उपाय सोपा आहे: तुमच्या गॅन चार्जरलाच ए पोर्ट असेल तर त्यात ए-टू-सी केबल लावा, नाहीतर जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा फोन चार्जर घ्या. ६५ वॉटच्या चार्जरने यंत्र जळेल ही भीती बाळगू नका. यंत्राने मागणी केल्याशिवाय पीडी (पॉवर डिलिव्हरी, यंत्राशी बोलून व्होल्टेज ठरवणारा) चार्जर ५ व्होल्टच्या वर जातच नाही.

सोल्डरिंग येत असेल तर कायमचा इलाजही होतो. ०४०२ किंवा ०६०३ आकाराचे दोन ५.१ किलो-ओहमचे रेझिस्टर आणा (लॅमिंग्टन रोडला मिळतात) आणि सीसी-१ ते ग्राउंड, सीसी-२ ते ग्राउंड असे स्वतंत्र लावा. दोन्ही पिन जोडून एकच रेझिस्टर लावायचा शॉर्टकट घेऊ नका. २०१९ च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) बोर्डांत नेमकी हीच चूक होती आणि ई-मार्कर चिप (केबलची क्षमता सांगणारी) असलेल्या केबलवर ते बोर्ड चालू होत नव्हते. पिनांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरचं आहे, त्यामुळे भिंगाशिवाय हात घालू नका.

जाता जाता: एकाच गॅन चार्जरवर मध्येच दुसरं यंत्र लावलं की तो बहुधा सगळ्या पोर्टांची वीज क्षणभर तोडून नव्याने वाटप करतो. डेकचं चार्जिंग अचानक मंद झालं तर आधी शेजारचा फोन काढून बघा.

ऐरोली_४०हर्ट्झ

आता डेक. लिथियम बॅटरीला लवकर म्हातारं करणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे उष्णता आणि जास्त व्होल्टेजवर बसून राहणं. दोन्ही एकत्र आल्या की नुकसान झपाट्याने होतं. १०० टक्क्यांवर चार्जर करंट थांबवतो, त्यामुळे ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. पण सेल रात्रभर वरच्या व्होल्टेजवर राहतो, तेही बहुतेक वेळा गादीवर किंवा कव्हरमध्ये.

स्टीमओएस (डेकची कार्यप्रणाली) ३.७ पासून सेटिंग्जच्या पॉवर विभागात चार्जची कमाल मर्यादा ठरवता येते. रोजसाठी ८० ठेवा, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करा. ४० वॉट-अवरचे ८० टक्के म्हणजे ३२. जड गेममध्ये अख्खं डेक २५ वॉटच्या आसपास खातं, म्हणजे सव्वा तास. तुमच्या मार्गाला एकेरी एवढं पुरायला हवं. कमी पडलं तर तीन टिंबांच्या बटणाच्या मेन्यूतून रिफ्रेश ४० हर्ट्झ, फ्रेम ४० आणि टीडीपी (प्रोसेसरची वीजमर्यादा) ८ ते १० वॉट करा. हलक्या गेममध्ये फरक जाणवणारही नाही आणि वेळ जवळजवळ दुप्पट होईल.

लाइट जाण्याने बॅटरीला काहीच होत नाही. चार्जिंग थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, एवढंच. धोका असतो तो लाइट परत येतानाच्या झटक्याचा आणि तो चार्जरला बसतो. स्पाइक गार्ड लावा. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक नसेल तर तो चार्जर घेऊच नका, मग किंमत कितीही कमी असो.

मे महिन्यात खिडकीत किंवा उभ्या गाडीत चार्जिंग नको. ४५ अंशांच्या वरच्या तापमानात सेल चार्ज करू नये. चार्जिंग करत खेळायचं असेल तर कव्हर काढा आणि मागची जाळी मोकळी ठेवा.

पॉवर बँकेबद्दल: २०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ७४ वॉट-अवर. रूपांतरातली घट धरून डेक साधारण सव्वा ते दीड वेळा भरेल. विमानाच्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेतही ती बसते. खोक्यावर ‘२२.५ वॉट फास्ट’ लिहिलेलं बघून फसू नका. तो वेग बहुधा ठरावीक फोनांसाठी ए पोर्टवर मिळतो, सी पोर्टवर पीडीचे १८-२० वॉटच निघतात. जड गेम चालू असेल तर बँक लावूनही टक्के उतरत राहतील. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत सी पोर्टसमोर ‘१५ व्ही ३ ए’ शोधा. केबल साधी ६० वॉटची पुरते.

घोडबंदर_हँडहेल्ड

तिसरं यंत्र बंद करून बाजूला ठेवलं. त्यात नवा सेल घालायचा झाला तर काय बघून घ्यायचा? आणि गणपतीला पंधरा दिवस कोकणात जाणार आहे, तेव्हा डेक आणि रेट्रो घरी कसे ठेवू?

नेरुळ_बेंच

जुन्या सेलवर सहा आकडी क्रमांक असतो. उदाहरणार्थ ५०५५७३ म्हणजे जाडी ५.० मि.मी., रुंदी ५५, लांबी ७३. तोच किंवा किंचित पातळ सेल घ्या. फुगलेल्या सेलची जाडी मोजून नवा आणला तर झाकण बसणार नाही. त्याच मापात दुप्पट एमएएच छापलेला दिसला तर तो आकडा खोटा.

तारा दोन आहेत की तीन ते बघा. तिसरी तार तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते. ती नसेल तर काही यंत्रं चार्जिंग घेतच नाहीत.

सर्वात जास्त बोर्ड जातात ते उलट्या पोलॅरिटीने. कनेक्टर तोच आणि पिच (पिनांमधलं अंतर) तेच १.२५ मि.मी., पण लाल-काळी तार आदलाबदल. रंगावर विश्वास ठेवू नका. बोर्डावरचे ‘+’ आणि ‘−’ बघून मल्टिमीटरने तपासा, मगच लावा. चूक असेल तर कनेक्टरची प्लास्टिकची जीभ सुईने उचलून पिना बदला, एका वेळी एकच तार हाताळा. नवा सेल ३.७ ते ३.९ व्होल्टच्या दरम्यान दिसायला हवा. ३ च्या खाली असेल तर दुकानातच परत करा.

ऐरोली_४०हर्ट्झ

गणपतीसाठी दोन्ही यंत्रं ५०-६० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये ठेवलेलं डेक पंधरा दिवसांत रिकामं होऊ शकतं. व्हॉल्यूम-अप आणि पॉवर एकत्र दाबून सेटअप युटिलिटीत गेलात की पॉवरखाली ‘बॅटरी स्टोरेज मोड’ मिळतो. तो लावला की चार्जर जोडेपर्यंत डेक उठत नाही, त्यामुळे परत आल्यावर चालू झालं नाही तर घाबरू नका.

रेट्रोला असा मोड नसतो. पॉवरची सरकपट्टी असेल तर ती बंद बाजूला आहे ना, एवढं नक्की बघा. सप्टेंबरच्या दमटपणात पोर्टावर हिरवट थर धरतो, म्हणून दोन्ही यंत्रं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. पुड्या जुन्या असतील तर नव्या घ्या, ओल शोषून भरलेल्या पुडीचा काही उपयोग नाही.