मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या देखाव्यात काळी माती लावल्यापासून इंजिन मध्येच थांबतंय

मांजराकाठ
रूळ नीट आहेत, कंट्रोलर नीट आहे, इंजिन गेल्या महिन्यापर्यंत उत्तम पळत होतं. रुळांच्या दोन्ही अंगांना आणि स्लीपरच्या मधे शेतातली काळी माती चाळून टाकली, फेविकॉलच्या पाण्याने बसवली. वाळल्यापासून इंजिन दीड-दोन फूट जातं, अडखळतं, थांबतं. तीनदा पुसून झालं. शिवाय थर जाड आहे तिथे भेगा पडल्यात आणि एका जागी रूळच वर आलाय. रविवारी लोक बघायला येणार आहेत. 'रूळ स्वच्छ करा' सोडून काहीतरी सांगा.

परभणी_जंक्शन
स्केल कोणतं, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान? साधी डीसी की डिजिटल कंट्रोलची डीसीसी? कशाने पुसले? फेविकॉलमध्ये पाणी किती होतं? खाली प्लायवूड आहे की थर्माकोल? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील.

तांब्याची_तार
६बी पेन्सिल घ्या, रुळाच्या माथ्यावर आतल्या कडेने एकच हलकी रेघ ओढा. ग्रॅफाइटने ठिणगी कमी होते, ठिणगी कमी झाली की काजळीही कमी. वीज पोचत नसेल तर यासारखा दुसरा उपाय नाही.

जालनेकर
पेन्सिलीने काही होत नाही. १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, दोन मिनिटांत रूळ चकचकीत.

तांब्याची_तार
कृपया पॉलिश पेपर लावू नका. रुळाच्या निकेल-सिल्व्हर धातूवर बारीक चरे पडतात आणि पुढची काजळी त्या चऱ्यांतच बसते. आज चालेल, आठवड्याने दुप्पट त्रास होईल.

मांजराकाठ
९ मिमीचा रूळ (दोन रुळांमधलं अंतर). डीसी, १२ व्होल्ट. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले. फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग. खाली प्लायवूड.

गोदावरी_लाईन
म्हणजे एन स्केल. १:१६० ला चाळलेली माती म्हणजे ढेकळंच दिसणार. मैद्याच्या चाळणीने भागत नाही, मलमलच्या कापडातून गाळावी लागते.

मांजराकाठ
एन नाही. बार्शी लाईट आहे, लातूरकडची जुनी नॅरोगेज, १:८७. लातूरकडचा देखावा म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

गोदावरी_लाईन
तुम्ही लातूर म्हटलंच नव्हतं, दादा. मग हिशोब बरोबर आहे: खऱ्या रुळांमधलं अंतर ७६२ मिमी भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिमी, ९ मिमीचा रूळ जवळजवळ नेमका बसतो. ब्रॉडगेजला हे सुख नाही. १६७६ मिमीला १९.३ मिमीचा रूळ हवा आणि आपण सगळे १६.५ वर डबे चालवतो.

अर्धा_इंच
बार्शी लाईटच्या वाघिणी (मालडबे) करत असाल तर एक महत्त्वाचं. ही लाईन बांधणाऱ्या अभियंता कॅलथ्रॉपने मालवाहू वाघिणींचं माप एकच ठेवलं होतं, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. १:८७ ला ८७.५ मिमी आणि २४.५ मिमी येतं. प्लास्टिक शीटची केली तर ती फार हलकी होते आणि वळणावर आत पडते. एनएमआरएचं (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) एन स्केलच्या डब्याच्या वजनाचं सूत्र इथे बरं लागू होतं: अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस, म्हणजे साधारण २९ ग्रॅम. शिशाचे तुकडे फरशीखाली, बोगीच्या (चाकांच्या सांगाड्याच्या) बरोबर वर चिकटवा, मधोमध नको. मधोमध ठेवले की शीट कालांतराने खाली झोळ धरते.

मांजराकाठ
माहिती चांगली आहे, पण मी इंजिनाचं विचारलंय.

जालनेकर
उन्हामुळे असणार. आपल्याकडे ४२-४३ अंश जातं, रूळ फुगतात, फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) सैल होते.

परभणी_जंक्शन
३ मीटर रूळ २५ अंशांनी तापला तर वाढ सव्वा मिलिमीटरच्या आसपास. जोडांमध्ये फटी सोडल्या असतील तर इतकं सहज सामावतं. फेविकॉलने रूळ मातीत घट्ट झाला असेल तर वर उचलला जाऊ शकतो हे खरं, पण त्याने इंजिन दर दोन फुटांवर थांबणार नाही. ते एकाच जागी थांबेल. मांजराकाठ, दोन प्रश्न. इंजिन दरवेळी त्याच जागी थांबतं का? आणि थांबतं तेव्हा पुढचा दिवा विझतो का?

मांजराकाठ
जागा बदलते. दिवा चालू राहतो, थोडा मंद होतो. मोटार गुणगुणते.

परभणी_जंक्शन
मग वीज चाकांपर्यंत पोचतेय. दिवा विझला असता तर रूळ किंवा चाकं बघितली असती. मोटार गुणगुणते याचा अर्थ ती फिरायचा प्रयत्न करतेय आणि काहीतरी तिला अडवतंय. पेन्सिल, पॉलिश पेपर, फिशप्लेट हे सगळं बाजूला ठेवा. चेसिस एन स्केलचंच आहे ना, वर १:८७ चा सांगाडा बसवलेला?

मांजराकाठ
हो. सांगाडा थ्री-डी प्रिंट.

परभणी_जंक्शन
आता एक करा. उरलेली कोरडी माती कागदावर पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा.

मांजराकाठ
पिशवीला काळे केस चिकटल्यासारखं झालंय. भरपूर.

परभणी_जंक्शन
तो मॅग्नेटाइट. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली आणि बेसॉल्टमध्ये लोहखनिजाचे चुंबकीय कण असतातच. खडी म्हणून क्रशरची बारीक कच वापरली तरी हेच होतं. मोठ्या स्केलला फारसं जाणवत नाही, पण एनच्या चेसिसमध्ये मोटारीचं चुंबक रुळापासून अगदी थोडं वर असतं. सुटा कण उडाला की तिथे चिकटतो, मग आर्मेचरच्या (मोटारीच्या फिरणाऱ्या भागाच्या) फटीत किंवा वर्मवर (मोटारीच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरवर) जातो. लगेच चालवणं थांबवा, नाहीतर गिअरचे दात जातील.

सांगाडा काढा, इंजिन फोमच्या खाचेत उलटं ठेवा. मोटारीचे कण पुसू नका, पुसल्याने ते आत सरकतात. ब्लू-टॅकसारखा चिकट गोळा दाबून उचलायचे, पुन्हा पुन्हा, गोळा स्वच्छ निघेपर्यंत. वर्म आणि गिअर जुन्या टूथब्रशने, अल्कोहोलचा ब्रश जेमतेम ओला करून. वाळल्यावर प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

तांब्याची_तार
तेलाच्या बाबतीत +१. जास्त तेल म्हणजे नव्या धुळीला आमंत्रण. आणि रुळाच्या आतल्या बाजूची मातीची पातळी बघा. ती स्लीपरच्या माथ्याखालीच हवी. वर असली की चाकाची कड मातीवर चढते, चाक रुळावरून किंचित उचललं जातं. पॉइंटच्या (गाडी दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेच्या) जिभेजवळ तर मातीचा एक कणही नको.

अर्धा_इंच
खरी माती वापरूच नये या मताचा मी आहे. काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट चिकणमाती पाणी शोषून फुगते, वाळताना आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच टेबलावर होणार. खालचा भराव ३ भाग चाळलेला भुसा, १ भाग पीओपी, पातळ फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंग यांचा करा. वाळल्यावर तडकत नाही आणि वजनालाही हलका.

गोदावरी_लाईन
भराव भुशाचा, मान्य. पण वरचा रंग रंगाच्या बाटलीतून येत नाही. लोक काळी माती म्हणून सरळ काळा फासतात. कोरडी काळी माती करडी-तपकिरी असते, ओली झाल्यावरच काळी दिसते. ज्वारीच्या रानाला वरून खऱ्या मातीचा पातळ पापुद्राच पाहिजे, १ मिमीपेक्षा कमी. आधी लोखंडी कढईत अर्धा तास मंद आचेवर भाजा, कीड आणि ओल दोन्ही जातात. मग चुनखडीचे पांढरे खडे वेचा, मलमलमधून गाळा, चुंबक पाच-सहा वेळा फिरवा. पसरल्यावर आधी अल्कोहोल-पाण्याचा फवारा मारा, मगच ड्रॉपरने एकास चार फेविकॉल. कोरड्या मातीवर थेंब टाकला तर त्याची गोळी होऊन तो घरंगळतो.

जालनेकर
कढई लोखंडी नको मग, ॲल्युमिनियमची घ्या. लोखंडाचा कीस पुन्हा मातीत जाईल.

गोदावरी_लाईन
बरोबर. किंवा भाजून झाल्यावरच चुंबक फिरवा, क्रम मी तोच दिलाय.

मांजराकाठ
आधीच बसवलेली माती कशी काढू? सगळं उखडायला वेळ नाही.

परभणी_जंक्शन
सगळं उखडू नका. गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, टिश्यू भिजवून, पिळून फक्त रुळांच्या मधे आणि बाहेर बोटभर ठेवा. वीस मिनिटांत फेविकॉल मऊ होतो, बोथट पट्टीने खरवडा. पाणी ओतू नका, प्लायवूड फुगेल. देखाव्यातल्या शेतांवरची माती राहू द्या, तिच्यावर आणखी एकदा पातळ फेविकॉल सोडा म्हणजे कण सुटे राहणार नाहीत. वर आलेला रूळ मात्र माती पूर्ण काढूनच बसवा, वरून खिळा ठोकून दाबू नका. गेज (रुळांमधलं अंतर) आकसेल.

अर्धा_इंच
अवांतर: भेगा राहिल्या तरी शेताच्या मध्यावर त्या वाईट दिसत नाहीत, फक्त मापात हव्यात. १:८७ ला अर्धा मिलिमीटर रुंद भेग म्हणजे खरी ४.३५ सेंटिमीटर.

मांजराकाठ
मोटारीवर काळी दाढी होती, ब्लू-टॅकचे चार गोळे गेले. वर्ममध्ये पण कण होते. रुळांमधली माती काढली, पातळी खाली घेतली. अकरा फेऱ्या झाल्या, एकदाही थांबलं नाही. पॉइंटवर अजून हलका धक्का बसतोय. ज्वारीची धसकटं कशाची करता?

गोदावरी_लाईन
काथ्याच्या पायपुसणीचे धागे, ३ मिमी कापून, चिमट्याने ओळीत रोवा. उभी ज्वारी हवी असेल तर २३ मिमी, म्हणजे खरी दोन मीटर. पॉइंटचा वेगळा धागा काढा, आणि त्यात स्केल पहिल्या ओळीत लिहा.