नॉयनरने २५व्या वर्षी रायफल खाली ठेवली. चुकलंच ना?

बर्फातला पुणेकर: मागदालेना नॉयनर, जर्मनीची बायथलॉनपटू (बायथलॉन म्हणजे स्कीवरची शर्यत आणि मध्ये रायफलची नेमबाजी). २००७ साली इटलीत आंटहोल्त्सला पहिल्याच जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णं. पहिलं मिळालं तेव्हा विशीसुद्धा गाठलेली नव्हती. २०१०च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं आणि एक रौप्य. जागतिक स्पर्धांत एकूण १२ सुवर्णं. आणि मार्च २०१२मध्ये तिसऱ्यांदा मोसमभराचा वर्ल्ड कप घेऊन बाई घरी! फॉर्म तर ऐन भरात होता. मला हे आजही पटत नाही. बायथलॉन म्हणजे काही जिम्नॅस्टिक्स नव्हे. नॉर्वेच्या ब्यॉर्नडालेनने २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये चाळिशीत सुवर्ण मारलं. त्याच सोचीहून बायथलॉनच्या जर्मन मुली रिकाम्या हाताने परतल्या. जर्मनीच्या कस्टम्स खात्याने नोकरी देऊन जिला सांभाळलं, तिने आणखी एक ऑलिंपिक खेळायलाच हवं होतं.

आळशी_मांजर: म्हणजे पदकांचा हप्ता भरत राहायचं, असंच ना?

नेमबाज७२: पुणेकर, कधी रायफल धरली आहे का? मी कॉलेजात दहा मीटर एअर रायफल मारायचो. दोन जिने चढून आलो तरी नळीचं टोक नाडीबरोबर उड्या मारायचं. इथे पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन चढ चढायचा, धापा टाकत थांबायचं आणि ५० मीटरवर पाच गोळ्या. झोपून मारताना लक्ष्य लिंबाएवढं, ४५ मिलिमीटर, उभ्याने ११५. स्प्रिंट शर्यतीत एक चुकली की १५० मीटरचा दंडाचा फेरा. नॉयनर स्कीवर वारा होती, पण उभ्याची नेमबाजी हे तिचं जुनं दुखणं. दर वेळी सगळा देश श्वास रोखून तिच्या पाचव्या गोळीकडे बघणार. पोरीने विशीची पहिली पाच वर्षं त्यात घातली. अजून किती?

बर्फातला पुणेकर: दडपण सगळ्यांनाच असतं. जर्मनीच्याच डेनिसे हेरमानने २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ३३व्या वर्षी सुवर्ण घेतलं.

नेमबाज७२: हेरमान आधी क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये होती, बायथलॉनमध्ये उशिरा आली. नॉयनर १९व्या वर्षापासून शिखरावर. वय जन्मतारखेवरून मोजू नका, शिखरावरच्या वर्षांवरून मोजा.

गार्मिशची_सून: मी नॉयनरच्याच भागात राहते. बायथलॉनवाली लाउरा डालमायरही इथलीच. २०१७ला होखफिल्त्सेनच्या जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णं, २०१८ला प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं आणि एक कांस्य. २०१९ला २५व्याच वर्षी तीही थांबली. पुढे डोंगर हेच तिचं आयुष्य झालं. जुलै २०२५मध्ये काराकोरममध्ये लैला शिखरावर दरड कोसळून ती गेली, वय ३१. ती सहा वर्षं तिला हवी तशी जगली. आणखी पदकांसाठी थांबली असती, तर त्यातली किती उरली असती?

बर्फातला पुणेकर: डालमायरबद्दल वाद नाही, ताई. पण नॉयनरचं एक सांगतोच. व्हँकूवरच्या रिलेत तिने स्वतःहून जागा सोडली, जर्मनीला कांस्य मिळालं. ती धावली असती तर?

आळशी_मांजर: स्वतःकडे तीन पदकं होती, म्हणून दुसरीला संधी दिली. तुम्ही तर लोकलमध्ये चौथी सीटसुद्धा सोडणार नाही.

बर्फातला पुणेकर: चौथी सोडतो. खिडकीची नाही.