मदत हवी आहे : दुकानातले सेटअप कसे लावू? फोल्डरांचा उकिरडा झालाय

चोपडा_रोड : कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायच्या फाइली, म्हणजे सेटअप, यांनी हार्ड डिस्क भरत आलीय. आधी चारच फोल्डर होते. आता 'नवीन', 'नवीन २', 'नवीन फायनल' आणि 'मेव्हण्याने दिलेलं'. काल गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि मी २० मिनिटं एक ड्रायव्हर (प्रिंटर-बिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) हुडकतोय. शेवटी नेटवरून उतरवला. कप्पे कसे पाडायचे? लवकर सांगा, केळीचा सीझन संपला की गर्दी होते.

तापीकाठ : दुकान कसलं? डीटीपी की रिपेअरिंग? विंडोज का लिनक्स? किती फाइली?

चोपडा_रोड : कॉम्प्युटर रिपेअरिंग, विंडोज. ६०० च्या वर असतील. निम्म्यांचं नाव नुसतं 'सेटअप'.

जुना_डॉसवाला : डेबियन लिनक्समधले सॉफ्टवेअरचे विभाग उचला. ग्राफिक्स, एडिटर, साउंड, नेट, युटिल्स. मी कधीपासून तेच वापरतो.

तापीकाठ : काका, तिथे एपीटी हा सॉफ्टवेअर टाकायचा प्रोग्रॅमच शोधून देतो, माणूस फोल्डर उघडत बसत नाही. आणि पीडीएफ रीडर ऑफिसात की युटिलिटीत, यावरच दुपार जाईल. ड्रायव्हर वेगळे काढा : कंपनी, मग मॉडेल. विंडोज ११ ला ३२ बिटचे ड्रायव्हर चालतच नाहीत, ते सगळे 'जुनं' मध्ये.

रावेरकर : कप्पे कशाला? 'एव्हरीथिंग' हा फाइल शोधायचा प्रोग्रॅम टाका, नाव मारलं की फाइल हजर.

चोपडा_रोड : 'सेटअप' मारलं तर दीडशे येतात भो!

जुना_डॉसवाला : मग नावं बदला ना.

तापीकाठ : सरसकट नको. सेटअपशेजारी त्याला लागणाऱ्या कॅब, आयएनएफ फाइली असतील तर सेटअप हलवू नका, नाव फोल्डरला द्या. एकटी ईएक्सई (सेटअपची चालवायची फाइल) असेल तर खुशाल नाव बदला.

शिरपूर_फॉन्ट : मना बी असाच घोळ व्हयना व्हता भाऊ. जुने फॉन्ट सोडा, सगळं युनिकोडमध्ये करा.

रावेरकर : त्यांनी फॉन्टचं विचारलंय कुठे?

शिरपूर_फॉन्ट : आज ना उद्या विचारतीलच. अहिराणी टाइप करून बघा मग कळेल.

चोपडा_रोड : अजून एक. 'पीआरएन' नावाचं फोल्डर बनतच नाही, डिस्क खराब झाली का?

जुना_डॉसवाला : डिस्क ठणठणीत आहे. ते नाव डॉसपासून प्रिंटरसाठी राखीव. सीओएन, एयूएक्स ही नावं पण अशीच राखीव. सरळ 'प्रिंटर' लिहा.

तापीकाठ : शोधतं कोण, तुम्ही की दुसरं कुणी?

चोपडा_रोड : बहुतेक वेळा पोऱ्या. अकरावीला आहे.

तापीकाठ : हे आधी सांगायचं! मग त्याला विचारून नावं ठेवा. गिऱ्हाईक म्हणतं 'आवाज येत नाही', तर कप्पा 'आवाज'. 'प्रिंटर', 'वायफाय', 'टायपिंग', 'विंडोज'. आत कंपनी आणि मॉडेल, बस.

जुना_डॉसवाला : 'आवाज' म्हणजे साउंडच झालं की.

चोपडा_रोड : पोऱ्याने तासाभरात 'प्रिंटर' लावला. आता विचारतोय, स्कॅनर-झेरॉक्स-प्रिंटर एकात असलेलं मशीन कुठे?

रावेरकर : प्रिंटरमध्ये.

जुना_डॉसवाला : वेगळा कप्पा.