आधी माणूस, मग यंत्रमानव
'ट्रान्सफॉर्मर्स' (2007) या चित्रपटात परग्रहावरच्या यंत्रमानवांपेक्षा सॅम या तरुण नायकाच्या पहिल्यावहिल्या गाडीचीच गोष्ट लांबते, हा काहींचा आक्षेप मला पटत नाही. परग्रहवासीयांचे युद्ध प्रेक्षकाला आपले वाटावे म्हणून आधी एक साधा माणूस उभा करण्याचा संकेत विज्ञानपटांत जुनाच आहे आणि इथे तो फार सुंदर वापरला आहे. सॅमची गाडी बनून आलेला, आवाज गमावलेला यंत्रमानव बम्बलबी रेडिओवरच्या गाण्यांचे तुकडे जोडून बोलतो, तेव्हा त्या यंत्राचा खट्याळपणा आणि जिव्हाळा दोन्ही आपल्यापर्यंत पोहोचतात. खरी उणीव खलपक्षात आहे. यंत्रांत प्राण फुंकणाऱ्या ऑलस्पार्कचा शोध सुरू झाला, की बहुतेक डिसेप्टिकॉन्सना, म्हणजे दुष्ट यंत्रमानवांना, स्वतंत्र स्वभावच उरत नाही आणि त्यांचा म्होरक्या मेगाट्रॉन तर बराच काळ हूवर धरणात गोठलेलाच राहतो.